शनिवारचं आवतण

उंबरवाडीच्या गोजरबाईला गावातल्या बाया पाठीमागं जळकी म्हणायच्या. म्हणोत बापड्या. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या तरी शेजारणीच्या नव्या लुगड्याचा काठ बघून रात्रभर कूस बदलणाऱ्या होत्या. त्यांचं जळणं पोटात राहायचं, गोजरबाईचं तोंडावर यायचं, एवढाच काय तो फरक. कुणाचं चांगलं कानावर पडलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा आणि हातात जे भांडं असेल ते जमिनीवर जरा जास्तच जोरात आपटायचं. आज बाईला काहीतरी खुपलंय, हे घरातल्या माणसांना त्या आवाजावरूनच कळायचं.

उंबरवाडी कुंभार पिंपळगावच्या बाजारवाटेवर, एका ओढ्याच्या काठी. राज्य निजामाचं, तालुका अंबडचा, आणि गाव म्हणाल तर एका दमात पार होईल एवढं. पण पार बदनापूरपर्यंत कुणाचे डोळे पिवळे झाले की गाडी उंबरवाडीकडं वळायची, कारण गोजरबाईचं सासर म्हणजे काविळीचं औषध देणाऱ्यांचं घर. सासू सगुणाबाई दर ऐतवारी सकाळी ओट्यावर बसून औषध पाजायची. तिच्या हाताला गुण होता, आणि तो तिला तिच्या सासूनं दिलेला होता.

औषध म्हणजे एका झुडपाचा पाला. त्याचं नाव घेतलं की गुण जातो म्हणून घरात त्याला नुसतं ‘वढ्यावरची’ म्हणत; आपणही तेवढंच म्हणू. पाला काय, शेळीही ओरबाडते. त्यानं कावीळ उतरत नाही. वढ्यावरचीला आदल्या दिवशी आवतण द्यावं लागतं. शनिवारी दिवस मावळताना जायचं, तिच्या बुडाशी हळदीचे तांदूळ नि सुपारी ठेवायची, फांदीला कच्च्या सुताचा धागा बांधायचा आणि लग्नाला बोलवावं तसं म्हणायचं, ‘उद्या न्यायला येते बाई, चल.’ तिथून पुढं तोंड बंद. सकाळी उजाडता उजाडता पाला आणायचा, वाटायचा, ताकातून पाजायचा, आणि शेवटचा रोगी उठेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. ज्याचं आवतण त्याचंच तोडणं, त्याचंच वाटणं, त्याचंच पाजणं. दुसऱ्याचा धागा दिसला तर त्या झुडपाला हात लावायचा नाही. आणि आवतण देऊन न्यायला गेलं नाही तर वढ्यावरची रुसते. ज्यानं अपमान केला त्यानंच येऊन रुसवा काढला तर ठीक, नाहीतर पुढल्या पावसाळ्यापर्यंत ती कुणाचीच नाही.

रोग्यानं पैसा द्यायचा नाही आणि उपकारही मानायचे नाहीत. औषध प्यायचं, उठायचं आणि मागं न बघता गाडीत बसायचं.

पानं किती, सोबत काय घालायचं, वाटताना कोणते शब्द म्हणायचे, हे मात्र एकालाच सांगायचं. तेही ग्रहणात, वाहत्या पाण्यात उभं राहून, कानात. त्याला ‘हात देणं’ म्हणत. आणि एकदा हात दिला की देणाऱ्याचा गुण गेला तो गेलाच.

गोजरबाई या घरात आली तेव्हा तिला धड लुगडंही नेसता येत नव्हतं. दर शनिवारी ती सासूची टोपली घेऊन ओढ्याच्या वळणापर्यंत जायची आणि तिथं थांबायची. ऐतवारी पाटा धुवायची, ताक करायची, गाडीवानांना पाणी नि बैलांना कडबा द्यायची. थोरली सून ती. हात आपल्यालाच मिळणार याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. ओट्यावरची आपली जागासुद्धा तिनं मनातल्या मनात धरून ठेवली होती. खांबाच्या उजव्या अंगाला, जिथून येणाऱ्या गाड्या दिसतात आणि गाड्यांतल्यांना आपण दिसतो.

मग धाकट्या दिराचं, भुजंगचं, लग्न झालं आणि झुंबर घरात आली. कामाला हळू, मिठाचा अंदाज नाही, आणि गाठ बांधावी तर अशी सैल की दोन दिवसांआड वासरू सुटून गावभर उंडारायचं. “झुंबरे, तू वासरू बांधतीस का त्याच्या गळ्यात दोरी लटकवून ठेवतीस?” गोजरबाई ओरडायची. झुंबर हसायची. तिला राग यायचाच नाही, आणि हेही गोजरबाईला आवडायचं नाही.

दोन वर्षांनी सगुणाबाई तापानं अंथरुणाला खिळली. आता आपण उठत नाही, असं तिला वाटायला लागलं. नेमकं तेव्हाच सूर्यग्रहण आलं. आणि गोजरबाईला सातवा महिना. गरवार बाईनं ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, म्हणून तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत उताणी निजवून दार लावून घेतलेलं. दाराच्या फटीतून तिला सासूचा आवाज ऐकू आला, “झुंबर, मला धर. वढ्यावर चल.”

दोघी परतल्या तेव्हा दोघींची लुगडी कंबरेपर्यंत ओली होती. कुणी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही.

दोन महिन्यांनी गोजरबाईला मुलगी झाली. तिचं नाव उषा. आणि सगुणाबाई मरायची ती मेलीच नाही! ताप उतरला, भाकरी खायला लागली, डोळे मंद झाले पण बाकी ठणठणीत राहिली. “तवा तुपलं पोट पुढं होतं,” ती एकदा आपणहून थोरल्या सुनेला म्हणाली. “मी मरून राह्यले होते. थांबू कशी?” गोजरबाईनं ऐकलं आणि हंडा असा आपटला की त्याला पोचा पडला. पोट दोन महिन्यांत रिकामं होणार होतं, सासू दहा वर्षांत मेली नाही; तेवढं थांबवत नव्हतं? नाही, हिला धाकटीच आवडत होती. हा काटा तिच्या मनात जो रुतला तो कायमचा.

तेव्हापासून तिला दर शनिवार विषासारखा व्हायला लागला. दिवस मावळला की झुंबर मुकी. मग सगळं खुणेवर. बोट वर केलं की पाणी द्यायचं, तळवा फिरवला की पाटा धुवायचा, आणि थोरल्या जावेनं या खुणा समजून घेत धाकटीच्या पुढं-मागं करायचं. लोक तर विचारूच नका. अंबडच्या गिरदावराची, म्हणजे महसूल बघणाऱ्या अंमलदाराची, बीबी एकदा पडद्याच्या गाडीतून आली. गोजरबाई नवी पातळशी चोळी घालून सामोरी गेली, तर बीबी म्हणाली, “तुम नै, झुंबरबी किधर है?” गावातल्या हळदीकुंकवाला पहिला पाट झुंबरला. पोळ्याला मानाची पुरणपोळी झुंबरच्या ताटात. आणि झुंबर काय, तशीच हसायची, आणि मिठाचा अंदाज अजून तसाच!

याहून एक वाईट गोष्ट होती. झुंबरला मूल झालं नाही, आणि उषी आईपेक्षा काकूलाच जास्त बिलगायची. आई वेणी घालायला बसली की पोरगी कोकलायची, “माय, लई आवळतीस!” आणि उठून काकूकडं पळायची. गोजरबाईची गाठ घट्ट असायची, दातांनी ओढून पक्की केलेली. तशी गाठ सुटत नाही याचा तिला अभिमान होता.

त्या वर्षी नवरात्र उठल्यावर दोघी जावा उषीला घेऊन जांबला रामाच्या दर्शनाला गेल्या. देवळाच्या पायऱ्यांवर एका बाईनं झुंबरला ओळखलं. “अगं बया, काविळीवाली बाई! मपल्या मालकाला तुम्हीच जगवलं!” म्हणत ती पाया पडायला वाकली; आणि वाकता यावं म्हणून काखेतलं शेंबडं पोर तिनं गोजरबाईच्या हातात दिलं. “बाई, जरा धरता का?”

गोजरबाईनं धरलं. पोरानं तिच्या खांद्याला नाक पुसलं. परतीच्या वाटेवर ती गाडीत एक शब्द बोलली नाही, आणि त्या दिवशी शनिवारही नव्हता.

पुढल्याच शनिवारी, झुंबर बाहेर पडायच्या आधी, सरपणाचं निमित्त करून गोजरबाई ओढ्यावर गेली. वढ्यावरची कोणती हे तिला न कळायला ती काय आंधळी होती? इतकी वर्षं वळणावर उभी राहून तिनं सासूची नि जावेची पाठ बघितली होती. पदरात हळदीचे तांदूळ होते. जवळची दोन झुडपं गाठून तिनं बुडाशी तांदूळ-सुपारी ठेवली, धागा बांधला, गाठ दातांनी पक्की केली. “उद्या न्यायला येते बाई, चल,” असं म्हणतानाच तिला ठाऊक होतं, की आपण काही येणार नाही.

संध्याकाळी झुंबर गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा आली. तिचं तोंड बंद होतं, त्यामुळं तिनं काही विचारलंही नाही. सकाळी पाला थोडा कमी पडला, एवढंच.

गोजरबाईला त्या रात्री जशी झोप लागली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती. मग काय, दर शनिवारी तिचं सरपण संपायला लागलं. काठाकाठानं ती पुढं सरकत गेली. मसणवट्याच्या वरचं झुडूप, आंब्याच्या कलमाखालचं, खडकातलं. आवतण द्यायचं आणि विसरायचं. एकेक करून वढ्यावरच्या सगळ्या रुसल्या. झुंबरला आणखी लांब जावं लागायला लागलं, पाय ओरबाडून यायची. पाला कमी पडायला लागला, मग एका ऐतवारी मिळालाच नाही. बदनापूरला आगगाडीतून उतरून, तिथून गाडी करून आलेला एक जवान माणूस ओट्यावर बसला होता. झुंबरनं त्याच्यापुढं हात जोडले आणि मान हलवली. तो तसाच पिवळा परत गेला.

तो गेल्यावर गोजरबाईला जरा चुकल्यासारखं झालं, हे खोटं कशाला सांगा. तिनं त्याला जाताना ऊस दिला होता, आणि ‘दुसरीकडं बी मिळतं औषध’ असंही सांगितलं होतं. पण त्या दिवशी ती अर्धी भाकरी जास्त जेवली हेही खरंच. चुलीपुढं झुंबर गप्प बसली होती आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. गोजरबाईनं त्या चेहऱ्याकडं पोटभर बघून घेतलं.

दिवाळी झाली. एका सकाळी झुंबर उषीला न्हाऊ घालत होती, तिचा हात थांबला. “अक्का, इकडं ये. उषीचे डोळे बघ.”

गोजरबाईनं बघितलं. डोळे पिवळे होते, नखं पिवळी होती. पोरगी चार दिवस जेवत नव्हती आणि आईला वाटत होतं, काकूच्या लाडानं शेफारलीय. आईला दिसलं नाही ते काकूला दिसलं. त्या क्षणीसुद्धा गोजरबाईच्या मनात पहिलं हेच आलं, आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

गोजरबाईचा नवरा कारभारी गाडी जुंपून पोरीला अंबडच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, बाटली दिली, तेल-तिखट बंद करून निजवून ठेवा म्हणाले. बाटली चालू झाली, पण शुक्रवारपर्यंत पोरगी हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली. हाक मारली तरी तिच्यात डोळे उघडायचं त्राण नव्हतं. “उद्या शनवार,” सगुणाबाई अंधुक डोळ्यांनी नातीचं कपाळ चाचपत म्हणाली. “झुंबर, बराबर बघून आवतण दे.”

शनिवारी झुंबर दुपारीच निघाली. परतली तेव्हा दिवस अजून बराच वर होता आणि पदरातले तांदूळ पदरातच होते.

“आत्याबाई, एक बी न्हाई,” ती सासूला म्हणाली. “पार वरच्या मळ्यापस्तोर जाऊन आले. समद्यायला धागे हायेत.”

“कुणाचे धागे? गावात दुसरं कोन औषध देऊन राह्यलं?”

झुंबर उषीच्या पायाशी बसली आणि तिचे तळवे चोळायला लागली. “काय की,” ती म्हणाली. मान वर केली नाही.

दारात गोजरबाई उभी होती, हातात ताकाचं मडकं. तिला बोलायचं नव्हतं. गप्प राहिली असती तर आणखी वर्षभरही कुणाला कळलं नसतं. पण अंथरुणावरची पोर एकदा कण्हली आणि गोजरबाईच्या हातून मडकं सुटलं. या खेपेला तिनं ते आपटलं नव्हतं.

“मपले धागे हायेत,” ती म्हणाली.

“काय बोलून राह्यलीस?” कारभारी बाजेवरून उठला.

“समदे मपले. दर शनवारी म्या आवतण दिलं. न्यायला एकदा बी गेले न्हाई.”

“कामून?” सगुणाबाईनं विचारलं.

“हिचा हात बंद पडावा म्हणून!” गोजरबाईचा आवाज फाटला. “पाटे म्या धुतले. टोपल्या म्या वाह्यल्या. बैलायला कडबा म्या टाकला. अन् हात हिला! लोकं हिच्या पाया पडत्यात अन् मला लेकरं धरायला देत्यात. मपलं जळत होतं, आत्याबाई, रोज जळत होतं. म्हणून केलं. आता मपलंच लेकरू...”

मडक्यातलं ताक जमिनीवर पसरत उंबऱ्यापर्यंत गेलं.

“मला ठाव होतं,” झुंबर म्हणाली.

गोजरबाईनं तिच्याकडं बघितलं.

“तुपली गाठ मी वळखीत न्हाई का, अक्का? दातानं आवळलेली. उषीच्या येणीची गाठ रोज मीच सोडती की.”

“मंग बोलली कामून न्हाईस?”

“बोलले असते तर तू उषीला मपल्याकडं फिरकू दिलं असतंस का?”

गोजरबाईनं नसतंच फिरकू दिलं.

सगुणाबाईनं काठी जमिनीवर ठोकली. “रडनं मागून रडा. ज्याचं आवतण त्याचंच तोडनं, त्याचंच पाजनं. रुसवा गोजरनंच काढायचा, पाला गोजरनंच आनायचा, पोरीला गोजरनंच पाजायचं. झुंबर, हिला हात दे.”

“गिराण न्हाई आज,” कारभारीला ग्रहणाचा नियम आठवला.

“पोरगी पिवळी पडून राह्यली अन् तुला आबाळात गिराण पाह्यजे? हेच गिराण. जल्दी करा, दिवस चालला.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “झुंबर, तुपला गुण जाईल. पुन्हा येनार न्हाई.”

झुंबरनं आपला उजवा हात बघितला. पदराला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं. मग उषीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि उठली. “चल अक्का,” ती म्हणाली.

कार्तिकातलं पाणी गार होतं. दोघी कंबरभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि झुंबरनं गोजरबाईच्या कानाला तोंड लावलं. सांगायला काही फार नव्हतं. आपण ज्याच्यासाठी इतकी वर्षं जळलो ते एवढंसं, असं गोजरबाईला वाटलं. पाखरानं चोचीत न्यावं एवढंसं. आणि तरी, पोरगी घरात तशी पडलेली असताना, तिच्या आत कुठंतरी एक हलकी उकळी फुटली की मिळालं, शेवटी मला मिळालं. तिनं ती उकळी दाबली. दाबली गेली नाही, तेव्हा ती पाण्यात उभी राहूनच रडली. झुंबरला वाटलं, पोरीच्या काळजीनं रडते. तिनं जावेच्या पाठीवर हात ठेवला.

जवळच्या झुडपापाशी गोजरबाईनं ओल्या लुगड्यानं चिखलात कपाळ टेकलं. “चुकले बाई. पोरीसाठी तरी चल,” ती म्हणाली. नवे तांदूळ ठेवले, नवा धागा बांधला. या खेपेला गाठ दातांनी ओढली नाही. मग दिवस मावळला आणि तिचं तोंड बंद झालं.

सकाळी तिनं पाला आणला, वाटला, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन वाटी तोंडाला लावली. उषीनं डोळे किलकिले करून आधी काकूला शोधलं. “काकू, तू न्हाई पाजत?”

“आता तुपली मायच पाजंल,” झुंबर म्हणाली. ऐतवारच्या सकाळी झुंबरचा आवाज घरात उमटला, तो कितीतरी वर्षांनी. तिचा तिलाच तो परका वाटला असावा, कारण बोलून झाल्यावर ती बाहेर निघून गेली आणि गोठ्यात बराच वेळ बसली.

उषी बरी झाली. पाल्यानं, बाटलीनं, उसाच्या रसानं की नुसतं निजून राहिल्यानं, हे ज्याला जे मानायचं त्यानं ते मानावं. उंबरवाडीनं काय मानलं हे सांगायची गरज नाही. महिन्याभरात बातमी पसरली, की आता हात थोरलीचा. गाड्या पुन्हा यायला लागल्या, आणि गोजरबाई खांबाच्या उजव्या अंगाला जाऊन बसली.

बसली खरी. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. येणारे औषध प्यायचे, उठायचे आणि मागं न बघता निघून जायचे. उपकार मानायचे नाहीत, हा तर नियमच. देवळाच्या पायरीवर पाया पडणारी बाई वर्षातून एखादी भेटते. ओट्यावर नुसत्या पाठी दिसतात. आणि आपल्याला बोलायची बंदी! रोग्यांबरोबर आलेल्या बाया मग कुणाशी बोलणार? झुंबरशी. झुंबरला आता तोंड मोकळं होतं. कितीतरी वर्षांचे मुके शनिवार-ऐतवार ती भरून काढत असावी. ओट्याच्या डाव्या अंगाला तिच्याभोवती घोळका बसायचा, हसणं खिदळणं चालायचं, उषी काकूच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची, आणि पाट्यापुढं बसलेल्या गोजरबाईला एकही गोष्ट धड ऐकू यायची नाही. कशाला हसल्या हेही विचारता यायचं नाही. तिच्या नाकाचा शेंडा पुन्हा लाल व्हायला लागला. जे हवं म्हणून जन्मभर जळली ते पदरात पडलं, तर सुख पुन्हा जावेच्याच बाजूला जाऊन बसलेलं!

असे दोन-तीन महिने गेले. माघातल्या एका शनिवारी ती तांदूळ घेऊन ओढ्यावर गेली. उरल्या झुडपांचा रुसवा तिनं एकेक करून काढलेला होता. नेहमीच्या झुडपापाशी वाकली आणि थबकली.

बुडाशी हळदीचे तांदूळ होते. सुपारी होती. फांदीला धागा होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी केलं हे? गावात वढ्यावरची ओळखणारं कोण आहे? तिनं खाली बसून धागा हातात घेतला. गाठ कसली, नुसता वेढा होता; बोट लावलं तर सुटून आला. या गाठीनं वासरूसुद्धा थांबलं नसतं.

गोजरबाई धागा तळव्यावर घेऊन बसून राहिली. झुंबर! हसणारी, राग न येणारी, मूल नसलं तरी कुणाच्या पोराकडं कधी वाकडं न बघणारी झुंबर. दिवसभर घोळक्यात बसून हसते आणि शनिवारी लपून येऊन धागा बांधते. तिलाही जळतं. पोटातून जळतं. आणि कुणावर? माझ्यावर. माझ्यावर!

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी गोजरबाईवर जळलं होतं. तिच्या अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं. दिवस मावळत होता, आवतणाशिवाय दुसरा आवाज काढायचा नव्हता; म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग धागा होता तसा पुन्हा फांदीला अडकवला, तसाच सैल, आणि पुढल्या झुडपाकडं निघाली.

ऐतवारी सकाळी ती पाला घेऊन घरात आली. चुलीपुढं झुंबर होती. दोघींची नजरानजर झाली. झुंबरनं आधी पाल्याकडं बघितलं, मग जावेच्या तोंडाकडं, आणि मग घाईनं चुलीत फुंकर घातली.

गोजरबाईनं बोट वर केलं. पाणी.

झुंबरनं तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढं जमिनीवर जरा जास्तच जोरात आपटला. गोजरबाईनं डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि पाटा पुढं ओढला.